गळ्यात काही नको

येलदरी कॅम्प, ता. जिंतूर
१२ सप्टेंबर १९७५

श्री. पंडित भाऊजी यांस,
जय भीम.

हे पत्र मी आनंदानं लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकते. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत झरीहून मला एक कार्ड आलं नाही, आणि मीही पाठवलं नाही. तसंच चालू राहिलं असतं तरी माझं काही अडलं नसतं. पण अडला हरी म्हणतात. पुढचं लिहीत नाही, तुम्हाला येतं.

यंदा दसऱ्याला मी नागपूरला जाणार आहे, दीक्षाभूमीवर. तुमचे भाऊ दर वर्षी जाऊ म्हणायचे आणि दर वर्षी पॉवरहाऊसची पाळी आडवी यायची. आता कॉलनीतल्या आम्ही अकरा बायका मिळून निघतो आहोत. बारा ऑक्टोबरला पहाटे निघायचं, पंधराला रात्री परत. प्रश्न कवड्याचा आहे. तुमच्याच शेतातून सहा वर्षांपूर्वी तुमचे भाऊ ज्या पिलाला पिशवीत घालून घेऊन आले, तो. अजून दुपारची पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन बसतो. सगळी माणसं घरी गेली की उठून येतो. त्याला एकटं क्वार्टरमध्ये कोंडून जाणं मला जमणार नाही.

अकरा तारखेपासून पाच रात्री त्याला कुठं ठेवायचं, म्हणून मी तीन ठिकाणं स्वतः जाऊन पाहिली. जिंतूरला एक पेन्शनर हवालदार आहे. धरणावरचे इंजिनिअर गावाला गेले की त्यांची कुत्री तो ठेवून घेतो, रात्रीचे दोन रुपये. पत्र्याची शेड, भिंतीला लोखंडी कड्या. त्यानं आधी कुत्र्याची जात विचारली. गावठी म्हटल्यावर म्हणाला, मग बाहेर बांधावं लागेल, आतल्या कुत्र्यांना चालत नाही. नंतर माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि पुढच्या गाडीनं परत आले.

शेजारच्या नर्मदाबाई ठेवीन म्हणाल्या. पण ओट्यावर येऊ देणार नाहीत, भाकरी लांबून टाकतील. त्यांच्या मुलीला मी दोन वर्षं गणित शिकवते आहे, ते माझ्या ओट्यावर चालतं. तिसरा मासेमारी सोसायटीचा राखणदार, धरणाच्या काठी झोपडी आहे. मागच्या वर्षी एका साहेबाचं कुत्रं त्याच्याकडून पहिल्याच दिवशी पळालं, आणि हे तो स्वतः हसत हसत सांगत होता.

राहिलात तुम्ही. तुमच्या केशरबाईला मुक्या जनावराची माया आहे, हे मी नाकारत नाही. तुमच्याबद्दल तसं लिहिता येत नाही. त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी तुम्ही कवड्याला काठी मारलीत ती मी पाहिली आहे. म्हणून अटी लिहिते. मारायचं नाही. शिळं घालायचं नाही. रात्री घरात घ्यायचं. हो किंवा नाही एवढंच कळवा, बाकी काही विचारू नका.

सत्यशीला


झरी
१७ सप्टेंबर

वैनीबाईस पंडितचा जय भीम.

पत्र पोचलं. अडल्या हरीचं पुढचं मला येतंय. गाढव तर गाढव, पर पाय धरायला तुमालाच यावं लागलं, ते ध्यानात ठेवा.

तुमी कुत्र्यासाठी तीन ठिकानं हिंडून बघितली. चांगलं केलं. माझ्या भावाला काविळ झाली तवा मी एकच ठिकान दाखवलं, झाडपाल्याचं, अन् ते आजवर माझ्या डोक्यावर बसलंय. तुमी बोलत न्हाईत, पर तुमचं न बोलनं झरीपतोर ऐकू येतंय. कार्ड पाठवलं न्हाई म्हनता. दहाव्याला तुमी चारचौघांत माझ्याकडं पाठ करून बसलात, मग कार्ड कुनाच्या पाठीवर चिटकवायचं व्हतं?

काठीचं खरं सांगतो. कुत्रं भंतेजींच्या ताटात तोंड घालायलं व्हतं. मी काठी उगारली, मारली न्हाई. तुमाला माझं कायबी आरधंच दिसतंय.

ठेवतो. केशरला लय आनंद झालाय, ती आत्तापासून कुत्र्याला काय आवडतंय ते विचारायलीय. तुमच्या तिन्ही अटी मंजूर. आता माझी एक आयका. सध्या शिवारात भुईमूग हाय. शेंगा भरल्यात, अन् कुत्री रात्रंदिवस उकरून खायलीत. गावात दवंडी फिरली, ज्याचं कुत्रं त्यानं लोढणं घालावं. तुमी शाळेच्या बाई, तुमाला ठावं नसंल म्हून सांगतो. गळ्यात दोरी, दोरीला हातभर लाकूड, ते पुढच्या पायांत लोंबतंय. कुत्रं चालतंय, बसतंय, खातंय. पळत तेवढं न्हाई. बिनलोढण्याचं कुत्रं पिकात दिसलं तर राखन करनारा मारनार, अन् वरून तक्रार चालनार न्हाई. आमच्या दोन्ही कुत्र्यांना घातलंय. कवड्यालाबी घालनार.

ह्यात सौदा न्हाई. मंजूर असंल तर पाठवा, नसंल तर हवालदाराकडं जावा.

पंडित


येलदरी कॅम्प
२२ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला चिडवायला लिहिलंय. दुसऱ्यांदा कळलं की तुम्ही खरंच ते करणार आहात.

तुमच्या भावानं कवड्याला कधी पट्टा घातला नाही. साखळी नाही, सुतळी नाही. कॉलनीतले लोक हसायचे, म्हणायचे सूर्यभान, तुझं कुत्रं आहे की पाहुणा. ते सांगायचे, आमच्या लोकांच्या गळ्यात लोकांनी मडकं बांधलं होतं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. माझ्या घरात कुणाच्या गळ्यात काही बांधलं जाणार नाही, माणसाच्या नाही आणि जनावराच्याही नाही. हे ते गमतीनं म्हणायचे नाहीत. मंगळसूत्रसुद्धा त्यांनी मला घालायला लावलं नाही, यावरून तुमच्या घरात किती बोलणी झाली ते तुम्हाला आठवत असेल. सगळ्यात जास्त तुम्हीच बोलला होता.

आणि आता तुम्ही, त्यांचे सख्खे भाऊ, छप्पन्न सालानंतर एकोणीस वर्षांनी, गावानं दवंडी दिली म्हणून गळ्यात लाकूड बांधायला निघालात. दवंडी कुणी द्यायला लावली? ज्यांच्या पिकासाठी लावली त्यांनीच ना? तुमचा भुईमूग किती, दोन एकर? गाव सांगेल ते गळ्यात अडकवून चालायची आपल्याला सवय होती. ती मोडायला बाबासाहेबांना अख्खा जन्म घालवावा लागला. तुम्हाला ती कुत्र्यापासून परत सुरू करायची असेल तर करा, पण माझ्या कुत्र्यापासून नाही.

बांधायचंही नाही. दारं लावून घरात ठेवा. पाच रात्री दारावर लक्ष ठेवणं इतकं अवघड नाही. दुसरी जागा असती तर तुम्हाला हे लिहिलंच नसतं, एवढं समजून घ्या.

सत्यशीला


झरी
२८ सप्टेंबर

वैनी,

तुमचं पत्र मी केशरला वाचून दाखवलं. चूक केली. ती रडायला लागली, अन् मला जेवायला वाढलं न्हाई.

मडक्याची गोष्ट तुमी मला शिकवू नका. ती पेशवाईतली, पुन्याकडची. आमचा आजा निजामाच्या राज्यात व्हता. त्याच्या गळ्यात मडकं न्हवतं, खांद्यावर घोंगडी व्हती अन् हातात काठी. गावाचा सांगावा घेऊन तो इथून परभनीपतोर पळायचा, अन् परत आल्यावर पाटलाच्या दाराबाहेर बसायचा. भाकरी तुमच्या नर्मदाबाईवानी लांबून यायची. मी ल्हान व्हतो, त्याच्यासंगं बसलेलो हाय. सूर्यभान तवा रांगत व्हता. जे मी बघितलंय ते त्यानं सभेत ऐकलं, अन् त्याच्या तोंडून तुमी ऐकलं. आता तुमी ते माझ्या तोंडावर मारायलात.

अन् मी गावाला भिऊन लोढणं घालायलो न्हाई. पीक माझंबी हाय. कुत्र्यानं शेंगा खाल्ल्या तर त्या पाटलाच्याच खातंय अन् माझ्या सोडून देतंय असं न्हाई. राखनीचा कायदा सगळ्याला सारखा हाय, पाटलाच्या कुत्र्यालाबी लोढणं हाय. पर हे तुमाला सांगून फायदा न्हाई. तुमी क्वार्टरात ऱ्हाता, तिथं भुईमूग पुडीत येतोय.

जाऊ द्या. तुमी जिंकलात. लोढणं घालनार न्हाई, बांधनार न्हाई. मंगळसूत्राचं मी बोललो व्हतो ते खरं हाय, ते मी ईसरलो न्हाई अन् तुमीबी ईसरला न्हाईत. पर शेजारी सटवाजीचा मळा हाय, तो सवता रोज पिकात उभा असतोय. त्याला मी सांगून बघितलं, पाव्हन्याचं कुत्रं येनार हाय, लोढणं ऱ्हानार न्हाई. तो म्हनला, दवंडी पाव्हन्यालाबी हाय.

म्हून कुत्र्यासंगं चिठ्ठी पाठवा. तुमच्या हातानं लिव्हा की गळ्यात काई घालू नये. उद्या काई झालं तर पंडितनं केलं म्हनायला तुमी मोकळ्या ऱ्हायला नको.

पंडित


चिठ्ठी, प्रकल्पाच्या ट्रकचे ड्रायव्हर मुंजाजी यांच्या हाती
११ ऑक्टोबर

भाऊजी, मुंजाजी विश्वासू माणूस आहे, कवड्या त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून येतो आहे. एसटीत कंडक्टरनं घेतलं नाही. सोबत त्याचं ताट आणि तुमच्या भावाची जुनी चादर. ती अंथरली की तो झोपतो. भाकरी दुधात कुस्करून, दोन वेळा.

तुम्ही लिहून मागितलंत, लिहून देते. कवड्याच्या गळ्यात लोढणं, पट्टा, दोरी, काहीही घालू नये. हे माझं म्हणणं आहे आणि तुमच्या भावाचंही होतं, असं समजा. त्यांचा शब्द तुमच्या घरात पाच रात्री तरी पाळला जावा.

सोळाला मुंजाजी परत त्याच रस्त्यानं येईल, त्याच्याबरोबर पाठवा.

सत्यशीला


पोस्टकार्ड
झरी, १५ ऑक्टोबर

वैनीबाईस जय भीम. नागपूर चांगलं झालं असंल. मुंजाजीला सोळाला पाठवू नका, पाठवला तर कुत्रं देनार न्हाई. कुत्रं माझ्यापाशी हाय. दिवाळीच्या आधी मी सवता आनून देतो. तुमी येऊ नका.

पंडित


येलदरी कॅम्प
१८ ऑक्टोबर

पंडितराव,

भाऊजी लिहिणं आज माझ्या हातून होत नाही.

तुमचं कार्ड मिळायच्या आधीच मुंजाजी रिकाम्या हातानं परत आला. म्हणाला, दार उघडलं नाही. आतून तुम्ही बोललात, केशरबाई बोलल्या नाहीत. कवड्या भुंकलाही नाही. मुंजाजीचा ट्रक ओळखून तो भुंकत नाही असं कधी झालं नाही, म्हणजे तुम्ही त्याला त्या वेळी कुठंतरी दुसरीकडं नेऊन ठेवलं होतंत. इतकी तयारी केलीत.

मला सगळं कळलं आहे. पाच रात्री त्याला दूधभाकरी घातली आणि तुम्हाला वाटलं, आमच्याच कुत्रीचं पिलू, आमच्याच घरी राहील. पहिल्या पत्रात मीच लिहिलं ना, तुमच्या शेतातून आणलेला म्हणून. ते वाक्य तुम्ही धरून ठेवलंत. भावाची सायकल मागून नेलीत, मी काही बोलले नाही. भावाचे पुस्तकांचे दोन गठ्ठे नेलेत, वाचायचा पत्ता नाही, तरी बोलले नाही. आणि भाऊ आजारी पडला तेव्हा त्यालाही असंच नेलंत. मी औरंगाबादला नेऊ म्हणत होते, तुम्ही बैलगाडीत घालून झाडपाल्यावाल्याकडं नेलंत, आठ दिवस तिथं ठेवलंत आणि सांगत राहिलात, उतार आहे, येऊ नका. आज पुन्हा तेच दोन शब्द. येऊ नका.

त्या वेळी मी आले नाही. तेवढं एक मी स्वतःला माफ करू शकत नाही.

शाळेत सहामाही परीक्षा चालू आहे, रजा सगळी नागपूरला संपली. अठ्ठावीसला सुट्टी लागते. त्याच्या आत कवड्या माझ्या दारात आला नाही तर मी चौकीतून जमादार घेऊन झरीला येईन, आणि गावासमोर सांगेन की सूर्यभानच्या भावानं विधवेचं कुत्रं चोरलं. तुम्हाला इज्जत फार आहे ना, मग त्या दिवशी ती सांभाळा.

नागपूर चांगलं झालं का, असं तुम्ही विचारलंत. चांगलं झालं होतं.

सत्यशीला


झरी
२२ ऑक्टोबर

वैनी,

जमादार आनायची गरज न्हाई. कवड्या गेला. एकोनीस तारखेला सकाळी.

आता पुढचं तुमाला वाचवंल का न्हाई ठावं न्हाई, पर मी लिव्हनार. तुमी मला चोर म्हनलात, त्याचा मला राग आला न्हाई. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चोरलं असतं तर कुत्रं जितं असतं.

अकरा तारखेला मुंजाजीनं त्याला उतरवलं. मी तुमाला लोढणं घालनार न्हाई म्हनलो व्हतो, तरी एक करून ठेवलं व्हतं. चार दिवस तासून हलकं केलं, कडा घासल्या, दोरीला फडकं गुंडाळलं. मनात म्हनलं, वैनीला कळनार हाय थोडंच. सोळाला काढून टाकू. दिवेलागनीला मी ते हातात घेतलं अन् कवड्याला बोलावलं. तो आला अन् त्यानं आपसूक मान पुढं केली. त्याला वाटलं असंल, काईतरी द्यायलेत. मान खाली घालून उभा ऱ्हायला.

वैनी, मला ते बघवलं न्हाई. आमच्या आजाची मान तशीच खाली असायची पाटलाच्या दारात. तुमच्या पत्रातलं एकेक अक्षर माझ्या डोळ्यापुढं आलं. मी लाकूड चुलीत घातलं. केशर म्हनली, घाला, चारच दिवस हायेत, कुत्र्याला काय कळतंय. मी तिच्यावर वराडलो. पहिल्यांदा मला वाटलं, तुमी अन् सूर्यभान काय म्हनत व्हता ते मला उमजलं.

बाराला दिवसभर ठीक ऱ्हायला. चादरीवर झोपला, केशरच्या मागं मागं हिंडला. तेराला सकाळी उन्हं आली तवा केशरनं पान्याला जायला दार उघडलं. त्याच वक्ताला जिंतूरच्या रस्त्यावर एक ट्रक गेला अन् त्यानं हॉर्न वाजवला. कवड्या केशरच्या पायांतून निसटला. त्याला मुंजाजीच वाटला असनार. आमच्या घरापासून रस्त्याला सरळ जायचं तर मधी सटवाजीचा भुईमूग हाय. कवड्या तिकडनं पळाला. शेंगा खायला न्हाई, तुमच्याकडं यायला पळाला.

सटवाजीच्या हातात खोरं व्हतं. बिनलोढण्याचं कुत्रं उभ्या पिकातून पळायलंय म्हनल्यावर त्यानं खोरं फेकलं. मी त्याला दोष देऊ कसा? त्याला मी सांगितलं व्हतं, त्यानं मला सांगितलं व्हतं. मागचा पाय मोडला, अन् पोटाला लय मार लागला. मी त्याला चादरीत घालून सूर्यभानच्या सायकलवर परभनीला जनावराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बांबूच्या काड्या बांधल्या, इंजेक्शन दिलं. म्हनले, पाय जुळंल, पर आतलं सांगता येत न्हाई. चार दिवस थांबा.

म्हून कार्ड लिव्हलं. मुंजाजी आला तवा कवड्या घरातच व्हता, केशरच्या मांडीवर. हॉर्न ऐकून उठायला बघत व्हता, पर भुंकायला दम न्हवता. केशर हुंदके देत व्हती म्हून तिला बोलू दिलं न्हाई. मला वाटलं, चालता झाला की सवता घेऊन येईन, लंगडत का असंना. मग तुमी मला शिव्या दिल्या असत्या, त्या मी उभा ऱ्हाऊन घेतल्या असत्या. तुमाला मोडलेलं दाखवायचं न्हवतं मला. सूर्यभानच्या वक्तालाबी तसंच झालं. मी उतार हाय म्हनायचो ते खोटं व्हतं. उतार पडंल असं मला लय वाटायचं, म्हून म्हनायचो.

आता खुलासा झाला. तुमची चिठ्ठी माझ्यापाशी हाय. तुमीच लिव्हून दिलं, असं म्हनायला म्हून मी मागितली व्हती, अन् आता म्हनवत न्हाई. चूक तुमची, का माझी, का दवंडीची, ते तुमी शिकलेल्या मानसानं ठरवा. मी तुमचं ऐकलं, एवढंच मला ठावं हाय.

पंडित


येलदरी कॅम्प
२५ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र शाळेत मिळालं, मधल्या सुट्टीत. सुट्टी संपल्यावर मुलांना पाढे लिहायला लावले आणि घंटा होईपर्यंत फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. 

चोर म्हटलं ते परत घेते. बाकीचं घेत नाही. सटवाजीचा मला राग येत नाही, हे मलाच नवल वाटतं. सगळा राग तुमच्यावर आहे आणि तो कशाचा आहे ते दोन दिवस मला सापडत नव्हतं. आता सापडलं आहे, तर ऐका.

मी या घरात आले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत तुम्ही माझा एक शब्द ऐकला नाहीत. लग्न कसं करायचं ते ऐकलं नाहीत. त्यांना औरंगाबादला न्या म्हटलं, तीनदा म्हटलं, बैलगाडीपुढं उभी राहून म्हटलं, ऐकलं नाहीत. तिथं ऐकायला हवं होतं. आणि इथं, जिथं ऐकायला नको होतं, तिथं ऐकलंत. मी भुईमूग पुडीतलाच पाहिला आहे, ते तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. शिवाराची राखण मला काय माहीत? तुमचा जन्म त्यात गेला. मी भांडत होते कारण तुम्ही बधणार नाही याची मला खात्री होती. चिठ्ठी लिहून दिली तेव्हासुद्धा मला आतून वाटत होतं, हा हेकट माणूस माझं ऐकणार थोडाच, गुपचूप करायचं ते करील, आणि कुत्रं सुखरूप येईल. मग मी तुमच्याशी आणखी दोन वर्षं भांडले असते. मला ते चाललं असतं, भाऊजी.

गळ्याबद्दल मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. तुम्ही लाकूड चुलीत घातलंत तेही खोटं नव्हतं. आपल्या दोघांचं बरोबर होतं आणि त्याचा उपयोग कवड्याला काही झाला नाही. हे मला सहन होत नाही, आणि हे तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगताही येत नाही. इथं सांगितलं तर म्हणतील, कुत्र्यासाठी काय एवढं.

माफी तुम्ही मागितली नाहीत, मीही मागत नाही.

दोन तारखेला रविवार आहे. सकाळच्या गाडीनं झरीला उतरते. त्याला कुठं पुरलंत ते दाखवा. केशरबाईंना सांगा, मी जेवायला थांबेन. उतार आहे म्हणायचात तेव्हा तुम्हाला काय काय माहीत होतं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि त्यावर मी काय बोलेन ते तुम्हाला समोर बसून ऐकावं लागेल. पत्रानं भांडायचं तर एका वाक्याला चार दिवस लागतात. आता माझ्यात तेवढा दम उरलेला नाही.

सत्यशीला